शेवटच्या पानाच्या तळाची ओळ

छापील की ऑनलाइन, या वादाच्या बाजू आमच्या घरात उलट्या लागल्या आहेत. मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारिता शिकते, वय बावीस, आणि छापील वर्तमानपत्राची बाजू घेऊन भांडते. मामा सांगलीतल्या एका दैनिकाच्या डेस्कवर रात्रपाळ्या करून निवृत्त झाले आणि ते ऑनलाइनचे वकील आहेत. उन्हाळ्यात एका न्यूज वेबसाइटच्या डेस्कवर इंटर्नशिप करून मी थेट सांगलीला गेले. तेव्हा आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. ते एका बैठकीत झालेलं नाही. गच्चीवर, जेवताना, मामी मध्येच तोंड घालतील त्यासकट, असं तुकड्यातुकड्यांनी झालं. मामांच्या शिव्या तेवढ्या गाळल्या आहेत.

पहिला वार मामांचा.

“23 नोव्हेंबर 2019. शनिवार. सांग, त्या दिवशीचं वर्तमानपत्र किती वाजता शिळं झालं?”

“आठच्या सुमाराला.”

“म्हणजे दारात पडल्या पडल्या. पहिल्या पानावर काय, तर मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरेंच्या नावावर तीन पक्षांचं एकमत. आणि टीव्ही लावला तर राजभवनात फडणवीस शपथ घेताहेत, शेजारी अजित पवार! आमच्या गल्लीत अंक टाकणाऱ्या पोराला एका म्हाताऱ्यानं विचारलं, कालचा अंक टाकलास का रे? त्या पोराच्या चेहऱ्यावर छपाईचं भवितव्य लिहिलेलं होतं.”

“पण मामा, तो अंक चुकला नव्हता. 22 तारखेच्या बैठकीनंतर शरद पवारांनीच एकमत झाल्याचं सांगितलं होतं. रात्री जे खरं होतं ते रात्री छापलं. आणि गंमत बघा, 26 ला फडणवीसांनी राजीनामा दिला आणि 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरेंचाच शपथविधी झाला. आठ वाजता ज्या मथळ्याला लोक हसले, तो पाच दिवसांनी बरोबर निघाला.”

“योगायोगाला पत्रकारिता म्हणू नकोस.”

“नाही म्हणत. मला त्या अंकाचं वेगळंच आवडतं. तो अजून तसाच आहे. 22 च्या रात्री महाराष्ट्र काय समजून झोपला होता, हे त्यात गोठलेलं आहे. तेच वेबसाइटवर शोधायला जा. त्याच लिंकवर शपथविधीची बातमी चढवलेली असते, रात्रीची खाली ढकललेली किंवा पुसलेली.”

“ते इतिहासकाराला लागतं. आपलं गिऱ्हाईक इतिहासकार नाही. त्याला आज बंद आहे का, एसटी सुटणार का, एवढं हवं असतं. 30 सप्टेंबर 1993 ला मी डेस्कवर नवा होतो. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. रात्रभर विसर्जनाच्या मिरवणुकीचे फोटो लावले, मथळे केले, पानं सोडली. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला जमीन हादरली. आमचे गठ्ठे तेव्हा गाड्यांतून वाटेला लागले होते. माणसं ढिगाऱ्याखाली, आणि लोकांच्या हातात आमचा गुलालाचा फोटो. त्या दिवशी रेडिओ कानाला लावून बसलो होतो मी, वर्तमानपत्रातला माणूस. दुसऱ्या दिवशीचा अंक चांगला काढला आम्ही. पण ते चोवीस तास मला अजून टोचतात.”

याला मी काही बोलले नाही. मामांना थांबायचंही नव्हतं.

“तू पुण्यात वाढलीस. डाक आवृत्ती काय असते तुला ठाऊक नाही.”

“पुस्तकात वाचलंय.”

“पुस्तकात! अगं, जतला पहाटे अंक पोचवायचा तर गाडी रात्री किती वाजता निघणार? आणि गाडी निघायची तर पान किती वाजता सोडायचं? म्हणून जत-आटपाडीची पानं सगळ्यांत आधी बंद. त्यांच्या अंकात क्रिकेटची मॅच कायम अर्धवट. शहरातल्याला निकाल, आणि त्यांना ‘शेवटचे वृत्त हाती आले तेव्हा’. मतमोजणीचं तेच, बजेटचं तेच. माणूस जितका लांब तितकी बातमी शिळी, आणि अंकाची किंमत मात्र सारखी! आज जतमधलं पोरगं मंत्रालयातला निर्णय तुझ्या पुण्यातल्या मास्तरांच्या आधी वाचतं. छपाईला हे कधीच जमलं नव्हतं.”

“मान्य.”

“थांब, अजून आहे. पुढं जिल्ह्याजिल्ह्याच्या आवृत्त्या निघाल्या, तालुक्यांची पानं निघाली. लोक खूश. आपल्या गावाची बातमी छापून येते! येते की. पण गावातच येते. जतच्या पूर्व भागातल्या पाण्याची बातमी आम्ही पाच-पाच कॉलम लावायचो. वाचणार कोण? ज्याच्या घागरीत पाणी नाही तोच. तहानलेल्याला तहानेची बातमी देऊन काय उपयोग? ज्यानं पाणी द्यायचं, त्याच्या टेबलावर मुंबईची आवृत्ती. तीत जत नाही. मग 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई बोलले, की जतच्या 40 गावांनी कर्नाटकात यायचा ठराव केलाय. गावातल्या पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढले, कानडी झेंडे, घोषणा. दोन दिवसांत मुंबईत सगळ्यांना जत कुठं आहे ते कळलं. आमच्या पाच कॉलमांना जे जमलं नाही ते त्या व्हिडिओंनी केलं.”

“त्यात बोम्मईंचाही हात आहे.”

“असू दे की. मोबाइल नसता तर बोम्मईंचं वाक्य राहिलं असतं आणि जतच्या माणसाचं उत्तर आमच्या तालुका पानावर पडलं असतं.”

हे मी पुण्यात कोणत्याही तासाला ऐकलं नव्हतं. आमच्याकडे छापील माध्यमावर बोलताना 6 जानेवारी 1832 चा ‘दर्पण’ येतो, बाळशास्त्री जांभेकर येतात, ‘केसरी’ येतो, 31 जानेवारी 1920 चा ‘मूकनायक’ येतो. ते यायलाच हवेत. पण पान किती वाजता सोडलं म्हणून कोणत्या तालुक्याला काय कळलं नाही, हा इतिहास कुठे शिकवत नाहीत.

तरी माझीही बाजू होती.

“आता माझं ऐका. आमच्या डेस्कवर भिंतीला एक स्क्रीन. कोणती बातमी आत्ता किती जण वाचताहेत त्याचे आकडे त्यावर सतत हलत असतात. बातमी लिहिणाऱ्याची मान कायम तिकडे वळलेली. आकडा खाली आला की मथळा बदलायचा. महापालिकेच्या पाणीपट्टीची साधी बातमी, तिचं संध्याकाळपर्यंत ‘पुणेकरांनो, तुमच्या खिशाला बसणार मोठा फटका’ झालं. आत मजकूर तोच.”

“आम्ही काय सोवळे होतो? आठ कॉलमी मथळा खपासाठीच असायचा.”

“पण एकदा छापला की तो तुमच्या गळ्यात. आमच्याकडे एका अपघाताच्या बातमीत मृतांचा आकडा आधी एक दिला, मग वाढवला, मग पुन्हा खाली आणला. प्रत्येक वेळी जुना आकडा पुसला. वर वेळ तेवढी नवी, ‘अपडेटेड’. एका बाईंचा फोन आला. त्यांचा भाऊ त्या रस्त्यानं येणार होता. त्या विचारत होत्या, तुम्ही मघाशी जास्त माणसं लिहिली होती, मग ती कुठं गेली? मी सीनियरना विचारलं, खाली एक ओळ टाकू का, की आधीचा आकडा चुकीचा होता. ते म्हणाले, आता बरोबर आहे ना? मग सोड.”

मामा जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आकडा दुरुस्त केला ना पण? आमच्याकडे काय व्हायचं सांगू? पहिल्या पानावर चूक, मोठ्या टायपात. दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळींची दिलगिरी. ज्यानं चूक वाचली त्यातल्या दहातल्या एकाला तरी ती दिसत असेल का? एका माणसाचं नाव आम्ही आरोपी म्हणून छापलं, तो निघाला फिर्यादी. दिलगिरी छापली. पुढं किती तरी दिवस बाजारात लोक त्याच्याकडे बघून कुजबुजत होते. तुझ्या वेबसाइटवर चूक जिथं झाली तिथंच पुसता येते. नंतर येणारा प्रत्येक जण बरोबर वाचतो. हे आमच्या नशिबात नव्हतं.”

“नंतर येणारा बरोबर वाचतो. आधी वाचून गेलेला?”

“त्याला कोण शोधणार?”

“म्हणूनच मला कागद आवडतो. त्याला नाकारता येत नाही. 1882 चं कोल्हापूर प्रकरण घ्या. ‘केसरी’ला दीड वर्षच झालं होतं. कोल्हापूरचे तरुण महाराज, शिवाजी चौथे, यांचा छळ चाललाय आणि त्यामागे कारभारी महादेव बर्वे आहेत, असं ‘केसरी’नं आणि ‘मराठा’नं लिहिलं. पुरावा म्हणून हाती पत्रं होती. ती बनावट निघाली. बर्वे कोर्टात गेले. टिळक-आगरकरांनी माफी मागितली तरी चार महिन्यांची शिक्षा झाली आणि 101 दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. आगरकरांनी त्यावर पुस्तकच लिहिलं.”

मामा खूश झाले. “म्हणजे दोन मोठ्या माणसांनी खोट्या कागदांवर विश्वास ठेवून खोटी बातमी छापली! अगं, तू कुणाच्या बाजूनं बोलतेयस?”

“खोटं छापलं गेलं, हे खरंच. पण बर्व्यांना कोणाच्या दारात जायचं हे शोधावं लागलं नाही. आज एखादा मजकूर मोबाइलवर फिरतो, त्याचा बर्वे कोणाच्या दारात जाईल?”

“तेव्हा टिळक-आगरकरांनी ते स्वतः लिहिलं होतं, स्वतः छापलं होतं आणि तुरुंगातही स्वतःच गेले. आता शेवटच्या पानाच्या तळाला ती ओळ असते ना, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, कायद्यानुसार वृत्तनिवडीची जबाबदारी अमुक यांच्यावर. त्या अमुकला बातमी काय आली हे सकाळी चहाबरोबर कळायचं, आमच्यासारखंच. आणि लगेच पुढं दुसरं वाक्य: या अंकातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही. आणि तिसरं: वाद झाल्यास न्यायक्षेत्र सांगली. म्हणजे एका ओळीत जबाबदारी घ्यायची आणि पुढच्या दोन ओळींत अंग काढून घ्यायचं. तू त्या ओळीची पूजा कशाला करतेस?”

“पूजा नाही. पण ती ओळ आहे. 1867 च्या कायद्यापासून छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव अंकावर असावं लागतं. 1 मार्च 2024 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी नवा नियतकालिक नोंदणी कायदा आला, तोही छापील नियतकालिकांपुरताच. वेबसाइटवाल्यांना 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांखाली तक्रार निवारण अधिकारी नेमायला सांगितलंय.”

“ते नियम तुला पसंत आहेत?”

“सगळे नाहीत. पत्रकार निखिल वागळेही त्यांविरुद्ध कोर्टात गेले होते आणि त्यातल्या आचारसंहितेच्या सक्तीला मुंबई उच्च न्यायालयानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. बातमी कशी असावी हे सरकारनं ठरवायचं, यात मला धोका दिसतो. सरकारला वर्तमानपत्राची पानं मोजायचीही हौस होतीच की. किमतीनुसार किती पानं छापायची याचा कायदा 1956 मध्ये झाला, ‘सकाळ’ त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 1961 मध्ये तो कायदा रद्द झाला. मला सरकारचा अधिकारी नको आहे. मला वाचकाला दिसेल असं नाव हवं आहे.”

इथे मामी मध्ये पडल्या. त्या म्हणाल्या, “मला विचाराल तर मी पेपर मागून वाचते. आधी निधन, मग सोन्याचा भाव, मग पुढचं पान. निधन वाचल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. बाजारात कुणी भेटलं आणि त्यांच्या घरी काय झालंय ते आपल्याला ठाऊक नसलं तर शोभत नाही.”

“ते आता ग्रुपवर येतं,” मामा म्हणाले.

“ग्रुपवर परवा एक येऊन गेलं. माणूस जिवंत निघाला. त्यांच्या घरी हार घेऊन जाणार होते मी.”

मामा हसले, मीही. पण मामींनी अर्धा मिनिट घेऊन जे सांगितलं त्यासाठी मी अख्खा निबंध लिहिला होता. वर्तमानपत्रात निधनाची जाहिरात द्यायला घरातलं माणूस कार्यालयात जातं, मजकूर लिहून देतं, पैसे भरतं. ग्रुपवर ती द्यायला अंगठा पुरतो.

त्या रात्री मी 2018 चा विषय काढला. 1 जुलै, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा मोबाइलवरून फिरत होत्या. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं.

“आणि दहा दिवसांच्या आत व्हॉट्सॲपनं काय केलं आठवतंय?” मी विचारलं. “देशातल्या वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती दिल्या. खोटी माहिती कशी ओळखावी! स्वतःकडे एवढे मोबाइल असताना लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून त्यांना कागदावर यावं लागलं.”

मामांनी आधी डेस्कवाल्याचा विनोद केला, “जाहिरातीचा दर पूर्ण लावला असेल, सवलत दिली नसेल.” मग गंभीर झाले. “पण मला सांग, राईनपाड्याला किती अंक जात होते?”

“माहीत नाही.”

“मी अंदाज करू शकतो, कारण असे पाडे आमच्याही भागात होते. विक्रेत्याला परवडत नाही म्हणून गाडी फाट्यापर्यंत. पाड्यावर कुणी बातमीदार नाही. तिथलं माणूस मेलं तर चार ओळी, तीही पोलिसांनी सांगितल्या तर. आपण तिथं कधी पोचलोच नव्हतो. मोबाइल पोचला. मोकळं रान होतं, ते अफवेनं भरलं. तू व्हॉट्सॲपला दोष दे, पण ती जागा मोकळी कुणी ठेवली?”

त्यानंतर मला झोप लागायला वेळ लागला. छापील पत्रकारितेचा मी जो विश्वास विश्वास म्हणते तो ज्यांच्यापर्यंत अंक गेला त्यांच्यापुरताच होता, हे मामांनी पाड्याचं नाव घेऊन दाखवलं होतं. विश्वास ही वितरणाचीही गोष्ट असते, हे आमच्या अभ्यासक्रमात यायला हवं. तालुक्याचा वार्ताहर बातम्या देतो आणि त्याच हातांनी नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करतो, कारण बातमीच्या मानधनात त्याचं पेट्रोलही भागत नाही, हेही यायला हवं.

सकाळी मामांनीच जखमेवर मीठ चोळलं. “2009 ची विधानसभा निवडणूक. तुझ्या कागदानं काय केलं?”

ते प्रकरण आम्हाला शिकवलं आहे. एकमेकांचे स्पर्धक असलेल्या मराठी दैनिकांत एकाच नेत्याच्या कौतुकाचे लेख शब्दाला शब्द लावून सारखे छापून आले. पी. साईनाथांनी ते ‘द हिंदू’त मांडलं. पेड न्यूज हा शब्द घरोघर झाला. प्रेस कौन्सिलनं नेमलेल्या समितीचा अहवाल 2010 मध्ये तयार झाला, तर तो पूर्ण प्रसिद्ध करायलाच कौन्सिल कचरलं.

“पण मामा, ते सापडलं कसं? दोन अंक शेजारी ठेवले म्हणून. कागद विकला गेला होता, पण विकल्याची पावती त्याच्याच अंगावर होती. आता निवडणुकीच्या काळात जे पोर्टल निघतं आणि मतदानानंतर बंद पडतं, त्याचे कोणते अंक शेजारी ठेवणार?”

“स्क्रीनशॉट.”

“स्क्रीनशॉट बनवता येतो. 1954 च्या कायद्यानं प्रकाशकांनी पुस्तकं ठरावीक ग्रंथालयांना पाठवायची सक्ती आहे, 1956 पासून वर्तमानपत्रंही. मुंबईत टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय त्यातलंच. म्हणजे संपादकाला नको असली तरी त्याची चूक दुसऱ्याच्या कपाटात जाऊन बसते. ‘मूकनायक’चे अंक जपून राहिले म्हणून राज्य सरकारला ते पुन्हा छापता आले. वेबसाइट स्वतःचं कपाट स्वतःच सांभाळते आणि चावीही तिच्याकडेच.”

हा मुद्दा मामांना लागला. त्यांनी माळ्यावरून त्यांची कात्रणांची फाइल काढली. फाइल म्हणजे वह्यांवर चिकटवलेली कात्रणं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात खालच्या कप्प्यातल्या वह्या गेल्या, माळ्यावरच्या वाचल्या. “हे तुझं कपाट,” म्हणाले. कागदाच्या टिकाऊपणावर मी जरा जपूनच बोलायला हवं, हे मला कळलं. ज्या बातम्या वह्यांसकट कृष्णेत गेल्या, त्यातल्या काही त्यांच्या दैनिकाच्या जुन्या ई-पेपरमध्ये सापडल्या. ते पान मोबाइलवर बोटांनी ताणून ताणून मामा वाचत बसले आणि चिडून म्हणाले, “हा ई-पेपर कुणी काढला? ना धड कागद, ना धड ऑनलाइन.” या एका बाबतीत आमचं पूर्ण एकमत झालं. 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनामुळे घरोघर अंक टाकायला सरकारनं मनाई केली तेव्हा लोक पीडीएफ ग्रुपवर टाकायला लागले. मनाई उठली, पण त्यातले कित्येक वाचक परत आलेच नाहीत. माझा एक मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. उद्याच्या तारखेचा सांगलीचा अंक तो आदल्या संध्याकाळी जेवता जेवता वाचतो, मामांच्या दारात तो पडायच्या आधी. जी डाक आवृत्ती जतला शिळी पोचायची ती आता अमेरिकेत ताजी पोचते.

“माझा आणखी एक आक्षेप आहे,” मी म्हणाले. “वर्तमानपत्र संपतं. शेवटचं पान येतं, माणूस घडी घालतो. आणि सगळ्यांना तेच पान असतं. तुमच्या पक्षाचा माणूस आणि त्यांच्या पक्षाचा माणूस सलूनमध्ये एकाच मथळ्यावर भांडायचे. आता दोघांच्या मोबाइलवर मथळेच वेगळे. भांडणार कशावर?”

“भांडतात की. पूर्वीपेक्षा जास्त.”

“दुसऱ्यानं काय वाचलं हे न वाचता भांडतात.”

“ते सलूनमध्येही तसंच होतं. अग्रलेख वाचून भांडणारा मी एकच पाहिला, आणि तो आमच्याच डेस्कवर होता.”

हा मुद्दा मी हरले असं मला वाटत नाही, पण मामांनी विनोद केला की वाद तिथेच संपतो, ही त्यांची जुनी सवय आहे.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. “तुझं एवढं म्हणणं आहे ना, की ऑनलाइननं चूक पुसू नये, सांगावी? मग ती ओळ लिहून दाखव. तुझ्या त्या अपघाताच्या बातमीसाठी. नुसतं बोलून डेस्क चालत नाही.”

मी लिहिलं: ‘या बातमीत सुरुवातीला अनवधानाने मृतांची संख्या अधिक नमूद करण्यात आली होती. अधिकृत माहिती प्राप्त झाल्यानंतर ती सुधारण्यात आली आहे. वाचकांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’

मामांनी लाल पेन घेतलं. निवृत्त होऊनही खिशात लाल पेन असतं त्यांच्या. ‘अनवधानाने’ गेलं. “चूक कोण जाणूनबुजून करतं?” ‘नमूद करण्यात आली होती’ गेलं. “कुणी केली? आपण.” ‘अधिकृत माहिती’वर त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं. “अधिकृत म्हणजे कोण? पोलीस की सिव्हिल हॉस्पिटल? नाव लिही.” ‘गैरसोय’ बघून तर ते उठून उभेच राहिले. “त्या बाईला गैरसोय झाली होती?”

उरलं ते असं: ‘दुरुस्ती: सकाळी 10.40 ते 11.25 या वेळात या बातमीत आम्ही मृतांचा आकडा चुकीचा, जास्त दिला होता. पोलिसांशी खात्री न करता तो दिला. खालचा आकडा सिव्हिल हॉस्पिटलनं सांगितलेला आहे.’

वेळा आम्ही अंदाजानं घातल्या. ‘खात्री न करता’ हे शब्द कोणताही संपादक ठेवणार नाही, असं मी म्हणाले. मामा म्हणाले, त्यांच्या संपादकांनीही ठेवले नसते. जुना आकडा आडवी रेघ मारून तसाच दिसू द्यावा का, यावर आमचं पुन्हा वाजलं. मला तो दिसायला हवा होता. मामांचं म्हणणं, घाईत वाचणारा रेघ बघत नाही, आकडा बघतो, मग पुन्हा तोच आकडा फिरतो. दुरुस्तीची ओळ बातमीच्या खाली नको, मथळ्याच्या लगेच खाली हवी, हेही त्यांनीच सुचवलं. “सातव्या पानाचं पाप तू परत करू नकोस.”

“आणि हे रोज कोण करणार?” मी विचारलं. “शिफ्टला माणसं किती, बातम्या किती, तुम्ही बघितलं नाही.”

“बघितलं नाही कसं? आमच्याकडेही मुद्रितशोधकांचं टेबल सगळ्यांत आधी रिकामं केलं होतं. पैसे वाचवायचे म्हटलं की चूक पकडणाराच पहिल्यांदा जातो. ते कागदावर झालं, तेच तुमच्याकडे चाललंय. बरं, ओळीखाली नाव कुणाचं?”

“माझं घालणार होते.”

“घाल की मग.”

“मामा, तुम्हाला माहीत नाही. नाव घातलं की लोक नावाचा माग काढत येतात. आमच्या डेस्कवरच्या एका मुलीच्या बातमीत तालुक्याचं नाव चुकलं होतं, तर पुढचे कित्येक दिवस तिच्या इनबॉक्समध्ये काय काय येत होतं ते मी वाचलंय. त्यात तालुक्याबद्दल काही नव्हतं.”

मामांनी लाल पेनाचं टोपण लावलं. या गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता हे दिसत होतं. त्यांच्या वेळी रागावलेला वाचक कार्यालयात यायचा, दारात शिपाई असायचा, आत वृत्तसंपादक असायचे, चहा मागवला जायचा.

“मग संपादकाचं घाल,” ते म्हणाले. “पगार त्याचा जास्त आहे.”